भोंग्याची शेवटची फाक

भोंग्याची हाक खाडी ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर जायची. तो होडी चालवायचा. पलीकडून कुणी नुसता रुमाल हलवला तरी हा इथून ओरडायचा, "बस तिथंच, आलो!" आणि पलीकडचा माणूस खरंच खाली बसायचा. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, बाकी गावाला तो भोंगाच. बायकोही रागावली की तेच म्हणायची.

मनातलं गिळून टाकणं त्याला जमलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीतून म्हणाला, "नाना, वरण खारट झालंय, पण पोरगी चांगल्या घरात पडली." मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. तो रोज दारावरून जाताना विचारायचा, "राग उतरला काय? न्हाय? बरं, उद्या येतो."

आमच्याकडे शिमग्याला होम पेटला की फाका मारतात. म्हणजे वर्षभर पोटात ठेवलेलं नावानिशी ओरडून सांगायचं. सरपंच असो की पुजारी, कुणी सुटत नाही. होम विझला की विषय संपला, मनात धरायचं नाही. होम लावायचा मान माझ्या घराचा. "बोला, होमाची मुभा आहे," असं मी म्हणायचं आणि पहिली फाक भोंग्याने मारायची. माझ्याही नावाने त्याने एकदा मारली, बांध सरकवला म्हणून. बांध मी परत जागेवर आणला, एवढंच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा शिमगा. खाडीवरच्या पुलाचे खांब कित्येक पावसाळे नुसते उभे होते. पूल झाला तर भोंग्याचीच होडी बंद पडायची. तरी फाक त्यानेच मारली, "आमदारसायेब, दोन निवडणुका ह्या खांबांवर जिंकलात. खांबांवर बगळे बसतात, माणसं कवा जायची?" सगळे हसले, मीही हसलो. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. आम्हाला वाटलं, होमावरचं होमावरच राहील.

दोन दिवसांत ते जिल्हाभर फिरलं. लोक त्याला विरोधकांना विकला गेलेला म्हणू लागले, त्याच्या सुनेला घाण घाण फोन येऊ लागले. मोबाईलवर त्याच्याबद्दल वाईट लिहिणाऱ्यांत मुंबईला नोकरीला असलेली आमच्याच गावची पोरं होती. तिसऱ्या दिवशी आमदारांची माणसं चार गाड्या भरून आली. भोंग्याला देवळापुढे उभं केलं. त्यातल्या एकाने मला शांतपणे विचारलं, "काका, असं बोलायची परवानगी कुणी दिली होती?"

मी दिली होती. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, प्यायला होता तो."

भोंग्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. मला वाटलं, मार तरी चुकेल. मार चुकला. पण त्यांनी त्याला मोबाईलपुढे हात जोडायला लावले आणि नशेत बोललो, माफ करा, असं वदवून घेतलं. तो इतकं हळू बोलला की तीनदा म्हणायला लावलं.

गाड्या गेल्यावर तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "नाना, तू घाबरलास, मी पण घाबरलो. त्याचं काय न्हाय. पण माझं बोलणं बाटलीचं कशाला केलंस?"

पुढे तो होडी चालवत राहिला, पण मुकाट्याने. मागच्या भाद्रपदात तापाने गेला. यंदाही मी होमापुढे मुभा दिली. लाकडं तडतडत राहिली, कुणी तोंड उघडलं नाही.

ती माफी मात्र अजून फिरते. शिमगा जवळ आला की कुणीतरी गंमत म्हणून पाठवतं. यंदा माझ्याही फोनवर आली. मेलेला माणूस हात जोडून उभा आहे, आणि त्याच्या मागे, कोपऱ्यात, मी.

मी चौथी शिकलेला, सहीपुरतं लिहिणारा. पण एवढं माझ्या हाताने लिहून ठेवतो. त्या दिवशी भोंगा पूर्ण शुद्धीत होता. मुभा मी दिली होती.