प्रसूतिगृहातलं लोखंडी कपाट

“माज्या नातवाचे टाचेला भोक पारलास, मेल्या! दोन दिसांचा पोऱ्या तो!”

आजीबाई ओरडत होत्या आणि मी त्यांच्या नातवाची टाच चिमटीत धरून उभा होतो. बाई कोपरच्या खाडीकाठच्या. आवाज असा, की डोंबिवलीतल्या आमच्या प्रसूतिगृहात ओरडल्या तर कळव्याला धुण्याच्या दोरीवरचे कपडे खाली पडावेत. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ती उशीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. मी रक्ताचा थेंब टिपकागदावर उतरवला आणि आजी छत्री शोधायला वळल्या तसा सटकलो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी तिथला लॅब टेक्निशियन. ठाण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आसपासच्या प्रसूतिगृहांना गळ घातली होती, की जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या टाचेतलं थेंबभर रक्त कागदावर वाळवून पाठवा. आईकडून मुलाकडे येणारा एक दोष त्या शोधत होत्या. असं मूल एरवी ठणठणीत. पण काही ठराविक औषधं पोटात गेली, किंवा डांबराच्या गोळ्यांचा नुसता वास अंगाला लागला, तरी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ थेट मेंदूपर्यंत चढू शकते. बाई कागदावर औषध टाकून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायच्या. डाग चमकला, पोर पास. मी त्या काळात इतक्या टाचा टोचल्या, की आजही डोंबिवलीत कुणी तरुण लंगडताना दिसला की मी फुटपाथ बदलतो.

माझे कोरे टिपकागद असायचे वॉर्डातल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात. वरच्या खणात झबली, टोपडी, दुपटी. ती सगळी जुनी, कुणाकुणाची. कारण आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी घरात नवी चिंधीसुद्धा आणत नाहीत. आणली तर नजर लागते. पहिलं झबलं जुनंच हवं, आणि तेही जगलेल्या पोराचं. बायका रिकाम्या हाताने यायच्या, कपाटातलं झबलं बाळाला घालायच्या आणि घरी जाताना स्वतःकडचं एखादं ठेवून जायच्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून फोन आला. आजींच्या नातवाचा डाग चमकला नव्हता.

आमच्याकडचा तो पहिलाच. मला धक्का बसला हे खरं, पण छाती चार इंच फुगली हेही खरं. डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवलेला सूचनांचा कागद घेऊन मी खाटेपाशी गेलो आणि जे व्याख्यान ठोकलं, ते ऐकायला भिंतीवरच्या पाली खाली उतरल्या असतील. आजींना म्हटलं, तुमच्या घरी ट्रंक आहे, त्यात बाळंतविड्याचे जुने कपडे आहेत आणि त्यात डांबराच्या पांढऱ्या गोळ्या आहेत. त्यातलं काहीही बाळाला लागलं तर बाळ हातचं जाईल.

त्या छत्री उगारतील म्हणून मी एक पाय मागे घेऊन ठेवला होता. पण आजी छत्री बाजूला ठेवून खाली बसल्या. म्हणाल्या, “माजे दोन पोरगे पिवले होऊन गेले. पाचवीच्या आत. त्यांना पन त्या ट्रंकेतलीच झबली व्हती.”

  आजी उठल्या, कोपरला गेल्या आणि ट्रंक कपड्यांसकट खाडीत लोटून आल्या. तिथले मासे पुढे महिनाभर शिंकत होते असं कोळी सांगायचे, म्हणजे मीच सांगायचो.

आणि चौथ्या दिवशी सकाळी पोर पिवळं पडलं. पिवळं म्हणजे काय, कुणी हळदीत बुडवून काढल्यासारखं. डोळे पिवळे, तळपाय पिवळे. दूध ओढेना, हाक मारली तरी हलेना. आमच्या डॉक्टरांनी ठाण्याला नेऊन रक्त बदलावं लागेल म्हणून सांगितलं आणि गाडी मागवली. बाळाची आई खाटेवरून उतरून चपला शोधत होती. मी मात्र सगळ्या वॉर्डासमोर आजींवर तुटून पडलो. एवढं समजावलं, कागद वाचून दाखवला, तरी काहीतरी आणलंतच ना ट्रंकेतलं?

आजींनी नातवाच्या अंगातलं झबलं काढून नाकाशी धरलं. मग वॉर्डातून चालत गेल्या आणि लोखंडी कपाट उघडलं.

वास माझ्यापर्यंत आला. रोज येत होता तोच.

पावसाळ्यात झुरळांनी माझ्या टिपकागदांचे कोपरे खाल्ले होते. एक कागद वाया जायला नको म्हणून मी डोंबिवली स्टेशनबाहेरून डांबराच्या गोळ्या आणल्या. मोजून नाही, मूठमूठ. खालच्या खणात टाकल्या, उरल्या त्या वरच्या खणात झबल्यांच्या घड्यांत सारल्या. तोंडपाठ होईल इतक्या वेळा मी तो सूचनांचा कागद वाचला होता. तो कागदसुद्धा त्याच कपाटात, त्याच गोळ्यांच्या शेजारी ठेवलेला. आणि जन्मल्यापासून ते पोर त्याच कपाटातली झबली घालत होतं.  झबली चुलीत गेली, गोळ्या मी उपसून काढल्या. हात आठ दिवस धूत होतो.

ठाण्यात पोराचं रक्त दोनदा बदललं. ते वाचलं. आठवड्याने आजी त्याला दाखवायला घेऊन आल्या. स्वच्छ धुतलेलं नवं झबलं, गालावर तीट. मी पुढे गेलो आणि गोळ्या मीच ठेवल्या होत्या म्हणून सांगून टाकलं. त्यांना ते आधीच कुणीतरी सांगितलेलं असावं. त्या ओरडल्या नाहीत. मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, “तू तं रोज कपाट उघरायचास. तुला वास येत नव्हता?”

“येत होता,” मी म्हणालो. “सवय झालेली.”