आठ सळ्या

नकाशे काढणाऱ्या बाईला कचेरीत सगळे ‘साठवणताई’ म्हणत, कारण बावीस वर्षांत तिने एकही जुना नकाशा पुसला नव्हता. “उद्या लागला तर?” हे तिचं ठरलेलं उत्तर. आज टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये बाल्कनीच्या तुळईचे जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे शेजारी दिसले. तिने लगेच बांधकामावरच्या मुकादमाला फोन लावला.

“दादा, तुळईत सळ्या किती?”

“आठ. तुमच्याच फाइलीत आहेत की, ताई!”

नव्या नकाशात बारा होत्या.

“काँक्रीट थांबवा!”

“अर्धी तुळई भरली.”

“फोडा.”

तिने मागल्या वर्षीच्या इमारतीचं फोल्डर उघडलं. तिथेही बाल्कनीच्या तुळईचे जुना-नवा दोन्ही नकाशे शेजारीच होते. त्या बाल्कन्यांत माणसं कधीच वावरू लागली होती.