मतदार आणायला दोह्याला

४ ऑक्टोबर २००९, रविवार. दोहा विमानतळ. हजर: मी, माझा धाकटा भाऊ डॉमनिक, औषधं पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर, त्याची बायको लविना, मूळची मडगावची, त्यांची मुलगी रिया, अकरावीत. गैरहजर: माझी बॅग. तीत आईने दिलेली सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) होती आणि माझे सगळे कपडे होते. काउंटरवरचा माणूस प्रत्येक प्रश्नाला "इन्शाल्ला" म्हणत होता. बॅग मिळाली ती मंगळवारी. तोवर मी लविनाचे गाऊन घालून वावरले. ते मला घोट्यापर्यंतही पोचत नव्हते.

मी फक्त भाऊ-भावजयीला भेटायला आले नव्हते. १३ तारखेच्या मंगळवारी आमच्याकडे विधानसभेचं मतदान होतं. आमची वसईची गावं कुणाला न विचारता महापालिकेत घातली होती. विहिरी आमच्या, वाड्या आमच्या, आणि निर्णय मात्र वर्षानुवर्षं त्याच त्या घरातले लोक घेणार. या वेळी गावाने ठरवलं होतं, कुठल्याही पक्षाला नाही, आपल्या अपक्ष माणसाला मत द्यायचं. आखातात असलेल्यांची नावं गावच्या यादीत होतीच. त्यांनी येऊन मत द्यावं म्हणून सर्वांत जास्त घसा कुणी कोरडा केला असेल तर तो डॉमनिकने. दोह्यात बसून तो रोज एकेकाला फोन करायचा. शनिवारी त्याला बरोबर घेऊनच मी परतायचं, असं आईला सांगून निघाले होते.

घर अल सद्दमध्ये. खाली दुकानं, वर फ्लॅट, आणि जिन्यात निम्म्या भारताच्या फोडण्यांचे वास. ऑक्टोबर असूनही दुपारी बाहेर पडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं, आणि आत आलं की एसीने दात वाजायचे. पहिल्याच संध्याकाळी मी कामांची यादी करून फ्रिजवर लावली: डॉमनिकची रजा, खुरूज (देश सोडायचा परवाना; तो मालकाने दिल्याशिवाय इथून कुणालाही बाहेर पडता येत नाही), तिकीट. डॉमनिकने ती वाचली आणि "होईल गं बाय" म्हणाला. रविवारी म्हणाला, सोमवारी म्हणाला, मंगळवारीही तेच. मी काम होण्याची वाट पाहू शकते, पण "होईल" ऐकत बसू शकत नाही.

बुधवारी मी त्याला गाडीत बसवलंच. त्याचा साहेब त्या दिवशी उत्तरेला मदिनत अश शमालला, कंपनीच्या गोदामावर होता. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिठूळ रंगाची सपाट जमीन, मध्येच एखादं बाभळीसारखं झाड, एकटं, कुणीतरी विसरून गेल्यासारखं. वाटेत एका टपरीसमोर डॉमनिकने हॉर्न वाजवला आणि चहा गाडीतच आला. त्याला इथे करक म्हणतात (आपलाच कडक चहा, वेलची घातलेला). सबंध प्रवासात मला विनातक्रार आवडलेली ही एकच गोष्ट.

साहेबाची मला धास्ती होती. सही मिळाली नाही तर काय, याची तीन उत्तरं मी तयार ठेवली होती. डॉमनिक मला गाडीतच बसायला सांगून आत गेला आणि करक संपायच्या आत परत आला. साहेबाने एकच प्रश्न विचारला, आई बरी आहे ना? मग सही ठोकली आणि "यल्ला, खलास" म्हणून त्याला वाटेला लावलं. मी फार खूश झाले. डॉमनिक फार खूश दिसला नाही. उन्हाने असेल, असं मला वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी तिकीट काढायला इस्माईलभाईंकडे गेलो. हे रत्नागिरीचे. दुकानात मक्केचं चित्र आणि त्याखाली देवगड हापूसचं कॅलेंडर. माझं वसईचं मराठी ऐकून त्यांनी बसायला खुर्ची पुसून दिली. डॉमनिकने पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला आणि तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

पासपोर्ट निळा नव्हता. मेंदीसारखा लालसर होता.

इस्माईलभाईंनी तो उघडला, मिटला, माझ्याकडे पाहिलं. "तिकीट काय, आता फाडतो. पण यावर विझा खंय हाय? मुंबईला जायचा विझा?"

मी म्हटलं, मुंबईला जायला व्हिसा कशाला? ते म्हणाले, "तुम्हांला नको, बाई. ह्यांना हवा. हे पोर्तुगालचे." ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारी कायमची प्रवेशाची सवलत, तिच्यात मताचा हक्क नसतो) काढलंय का, हेही त्यांनी विचारलं. काढलं नव्हतं. जुना भारतीय पासपोर्ट परत केला नव्हता. वकिलात शुक्रवार-शनिवार बंद. मालकाने सोडलं होतं, पण आपला देश घेत नव्हता.

लविनाचे वडील पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेले. त्यामुळे तिला तो पासपोर्ट मिळाला, मग रियाला, आणि मग नवरा म्हणून यालाही. दीड वर्ष झालं होतं. आईला पत्ता नाही, मला पत्ता नाही. रोजच्या फोनवर गावाला गावपण शिकवणारा आमचा पुढारी स्वतः परदेशी.

 गाडीत तोच म्हणाला, "रियाचं कॉलेज तिकडे होईल. फी निम्मी लागेल. मी कागद बदलला, बाय. मी बदललो का?"

"मग लोकांना कशाला उठवलंस?"

"कारण गाव माझंच आहे." आणि पुढच्या सिग्नलला, "यादीत नाव आहे अजून. व्हिसा सोमवारी मिळाला तर रात्री निघून मंगळवारी पोचतो. बूथवर आपल्या उमेदवारातर्फे तूच बसणार आहेस. तू काही बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?"

मी सांगितलं, तू आलास तर मी स्वतः आक्षेप घेईन. ज्यांच्याविरुद्ध आपण उभे आहोत ते खोटी मतं टाकतात, हेच तर गेली कित्येक वर्षं आपण ओरडतोय.

"आपल्या गावचा रॉकी दहा वर्षं इथे राहतो. नियमाने त्याचं तरी नाव यादीत राहतं का? त्याला शनिवारी विमानात बसवणार आहेस, तिथे तुझा नियम कुठे गेला?"

  रॉकीने देशाचं नागरिकत्व सोडलेलं नाही, एवढंच मी म्हणाले. घरी रियाने मला पाणी दिलं आणि समजूत घातली, "आत्या, इट्स जस्ट अ पासपोर्ट." मी तिला विचारलं, मग इतके दिवस लपवलं कशाला? तिने बापाकडे बघितलं.

शुक्रवारी इथे रविवारची मिस्सा असते. चर्च शहराबाहेर, बाहेरून क्रूस नाही, आत मात्र वसईतल्या सणाएवढी गर्दी. मिस्सेनंतर पार्किंगमध्ये आपली माणसं जमली. रॉकी द पर्लवर (समुद्रात भराव टाकून चाललेली नवी वस्ती) क्रेन चालवतो. डॉमनिकच्या शब्दावर त्याने नाताळची रजा आत्ताच घेतली होती. डॉमनिकने स्वतःच सगळं सांगितलं, एवढं श्रेय त्याला. रॉकीने टोपी काढून पुन्हा घातली.

"पेशव्यांनी पोर्तुगीज घालवले म्हणून शाळेत धडा होता," तो म्हणाला. "एक राहिला होता वाटतं."

कुणी हसलं, कुणी नाही. डॉमनिकही हसायला गेला, पण ते जमलं नाही. मग रॉकीने मला विचारलं, शनिवारी विमानतळावर किती वाजता यायचं? नाताळ या वर्षी क्रेनमध्ये, असं तो बायकोला कळवून बसला होता. तो आला, बाकीचेही आले. डॉमनिकने सगळ्यांचं सामान ट्रॉलीवर चढवलं आणि काचेपलीकडे उभा राहिला. मी हात केला. माझा राग तसाच होता, तरी केला.

मंगळवारी मी बूथमध्ये यादी घेऊन बसले. रॉकी शाई लावलेलं बोट नाचवत गेला. अकराच्या सुमारास आई आली, लुगडं चापून नेसलेली, हातात मतदाराच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या. मतदान अधिकाऱ्याने एक घेतली. दुसरी तिने माझ्यापुढे धरली. डॉमनिकला रजा मिळाली नाही, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

"तो नाही आला तर त्याचं मत मी देऊ का? कुणाला द्यायचं ते मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, तसं चालत नाही, आय. चिठ्ठी तिच्या हातून घेतली.

"मग नीट ठेव," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लागेल त्याला."

आमचा माणूस निवडून आला. फटाके वाजले. दोह्याहून फोन आला तेव्हा डॉमनिक रडत होता की ओरडत होता, मला कळलं नाही. आता सगळं आवरलं आहे: सुकेळ्यांचा रिकामा डबा परत आला, बॅगेच्या तक्रारीला उत्तर आलं, फोटो धुऊन आले. राहिलं आहे एकच. डॉमनिकचं नाव यादीतून कमी करायचा अर्ज मी आणून ठेवला आहे. तो दिला की चौकशीला माणूस घरी येतो, दार आई उघडते, आणि तिला तो कारण विचारणार. तिला आधी सांगायला हवं. रोज सकाळी ठरवते, आज चहाच्या वेळी सांगायचं.