वरचे दोन-तीन सूर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. गॅसवर दूध ठेवून विसरते इथपासून माझं सगळं त्याला माहीत आहे, पण हे नाही. सांगायला बसले की मी उठतेच. आत्तासुद्धा दोनदा उठले — एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच. तुम्ही बसा. नीट सांगता येईल असं नाही, पण सांगते.

नव्याण्णव साल. मी भुसावळहून रोज पॅसेंजरने जळगावला यायचे. एका मेडिकलच्या वर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक फोन — वेबसाइट बनवून देणारं ऑफिस. मालक प्रमोदभाऊ, कामाला आम्ही दोघं. वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मा दिवस जायचा. यावलचे एक केळीवाले नाना तर वर्षभर येत होते. चहा प्यायचे, मोडेमची किरकिर कौतुकाने ऐकायचे आणि "बघू" म्हणून जायचे.

लोकांना दाखवायला काहीतरी नमुना हवा, म्हणून भाऊंनी रहीमचाचांचं वेबपान फुकटात करायला घेतलं. चाचा हार्मोनियम बनवायचे — आमच्याकडे पेटीच म्हणतात. कितीतरी गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. सूर लावताना डोळे मिटायचे, आतल्या पितळी पातीवरून कानस अगदी हलकेच फिरवायचे, आणि झालं की झालं. बरोबर आहे का, असं कुणाला विचारणं नाही. गिऱ्हाईकाने शंका काढली तर भडकायचे. "कान माझे आहेत," म्हणायचे.

हे लक्षात ठेवा हं. मला तरी ते विसरता येत नाही.

पानाच्या शेवटी चौकशीचा फॉर्म होता. तो चालतो का, हे बघायला आम्हीच काहीतरी भरून पाठवायचो — अबक, अबक — आणि ते मेल म्हणून ऑफिसातच यायचं. त्या संध्याकाळी मला अबकचा कंटाळा आला. मी लिहिलं: रॉबर्ट, लंडन, एक उत्तम हार्मोनियम हवी आहे. अशा मेलवर 'टेस्ट' लिहायचा ऑफिसचा नियम होता. विसरले. गाडी चुकेल म्हणून धावत स्टेशन गाठलं.

सकाळी पोचले तर ऑफिसात पेढे! भाऊंनी मेल छापून काढली होती, चाचांना नेऊन दाखवलीही होती. जळगावच्या माणसाला लंडनहून चौकशी! मी तोंड उघडलं होतं हो — खरंच उघडलं होतं — भाऊंनी त्यात पेढा कोंबला. समोर केळीवाले नाना तो कागद हातात धरून बसलेले. "आमचंबी करून टाका," म्हणाले. वर्षभराचं "बघू" एका मिनिटात संपलं.

आता काय सांगणार? नोकरी गेली असती का? नाही, बहुतेक नसती. भाऊ दोन दिवस ओरडले असते. मला ते दोन दिवस नको होते. एवढंच कारण आहे. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही.

माझं इंग्रजी बरं म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडेच आला. चार दिवस जाऊ द्यायचे, मग रॉबर्टच्या नावाने 'नको' लिहून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं. पण तिसऱ्याच दिवशी चाचांनी कितीतरी वर्षं जपून ठेवलेलं सागवान कापलं. चांगल्या कामासाठी ठेवलंय, असं ते सगळ्यांना सांगायचे, ते. तेव्हा तरी बोलायचं की नाही? नाही बोलले. दोन महिने ती पेटी घडताना पाहिली, तिच्याशेजारी बसून चहा प्यायले. किंमत ठरवायला चाचा तयारच नव्हते. "आधी साहेबाला सूर ऐकू दे. आवडला तर पैसे."

पाठवायचं काम मीच मागून घेतलं. पेटीचं खोकं भुसावळला घरी नेलं आणि गोधडीत गुंडाळून कॉटखाली सरकवलं. आईला सांगितलं, ऑफिसचं सामान आहे.

मग चाचा जिना चढून यायला लागले. गुडघे धरून, थांबत थांबत. पत्र आलं का, बेटा? आलं का? त्या जिन्यावरच्या चपलांचा आवाज आला की मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचे. आवडली म्हणावं, तर पैसे कुठून येणार? हरवली म्हणावं, तर भाऊ पार्सलची पावती मागणार. मग एक दिवस मी ते खोकं जळगावला परत आणलं, चाचांच्या दुकानात ठेवलं आणि म्हणाले — पेटी परत आलीय, चाचा. साहेबांना सूर बरोबर वाटले नाहीत.

हेच. हेच सांगायचं होतं.

फॉर्मची ती चूक होती, ती कुणाच्याही हातून झाली असती. सुरांचं मात्र मी विचार करून बोलले. मला वाटलं होतं, चाचा भडकतील. रॉबर्टला शिव्या घालतील, "कान माझे आहेत" म्हणतील, आणि विषय मिटेल. त्यांच्या रागाच्या भरवशावर मी ते वाक्य बोलले हो! ते भडकले नाहीत. खोकं जवळ ओढून घेतलं. मग हळूच विचारलं, "कोणता सूर?"

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. "वरचे," मी म्हणाले. "वरचे दोन-तीन."

पुढच्या आठवड्यात भाऊंच्या कामाने दुकानात गेले, तर भडगावकडचे एक आबा आपली दुरुस्त झालेली पेटी न्यायला आलेले. चाचा त्यांना विचारत होते, सूर बरोबर आहेत ना? नीट ऐका बरं. आबा हसले. "आसं काय इचारस, चाचा? बठ्ठं बराबर शे." सगळं बरोबर आहे म्हटल्यावरही चाचांनी पुन्हा विचारलं.

ते गेल्यावर चाचांनी मला बसवलं. रॉबर्टची पेटी उघडी पडली होती, पात्या बाहेर काढलेल्या, कपड्यावर पितळेचा बारीक भुगा. नसलेली चूक ते आठ दिवस कानशीने शोधत होते. पात्या परत बसवल्या, भाता मारला, वरची पट्टी दाबली.

"आता ऐक. आता लागला?"

तेव्हा तरी सांगायचं. दुकानात आम्ही दोघंच होतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते — माझ्या! सूर म्हणजे काय हे ज्या पोरीला कळत नाही, तिच्या.

"हो," मी म्हणाले. "आता लागला."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे आधी चुकलाच होता."

मग म्हणाले, साहेबाला पत्र लिही, बेटा. लिही की वय झालं, कान उतरले, माफी असावी. मी तिथेच बसून लिहिलं. इंग्रजीत, सुवाच्य, एकही खाडाखोड न करता. खाली त्यांनी उर्दूत सही केली.

त्यानंतर चाचांनी नवी पेटी केली नाही. फाटलेले भाते नीट करून द्यायचे. सुराचं काम आलं की दुसरीकडे पाठवायचे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पत्र माझ्याकडेच आहे, कपाटात, साड्यांच्या खाली. पाकीटही तेव्हाच घेतलं होतं. त्यावर रॉबर्टचं नाव लिहिलंय, पत्त्याची जागा कोरी आहे.