लायगरचं पत्रक

शहापूरच्या स्टँडसमोर तो फलक लागला तेव्हा मी आधी हसले. सिंहाचं तोंड, वाघाचे पट्टे, म्हशीएवढं धूड, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘येत आहे! लायगर! मुरबाड रोडवर, आपल्या रिसॉर्टमध्ये! आजच बुकिंग करा!’

शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईने मला विचारलं, “ह्यो कंचा वाघ गो?”

“अर्धा वाघ. अर्धा सिंह.”

“मग बुकिंग बी अर्धंच घेतील?”

घरी येऊन मी त्या जनावराबद्दल वाचत बसले आणि हसू गेलं. नर सिंह आणि वाघीण रानात जोडी जमवत नाहीत. माणूस त्यांना एका पिंजऱ्यात ठेवतो, दुसरं कुणी दिसू देत नाही, आणि वाट बघतो. पिल्लू इतकं मोठं होतं की कधीकधी वाघिणीचं पोट फाडून काढावं लागतं. ते वाढत राहतं, त्याच्या हाडांना आणि काळजाला ते वजन पेलत नाही. नर असेल तर त्याला पिल्लं होत नाहीत. आणि एवढं सगळं कशासाठी, तर तिकीट काढून आलेल्या माणसाने मोबाइल वर धरून ‘बाप रे’ म्हणावं यासाठी. रिसॉर्टवाल्याला लायगर आणायचाही नव्हता. कायदा त्याला आणू देणार नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने लॉनवर फायबरचा पुतळा उभा केला आणि ‘खरा लवकरच’ अशी पाटी लावली.

मी पत्रक काढायचं ठरवलं. आमच्या घरात राग आला की पत्रक निघतं. वडील भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि नोकरीइतकीच पत्रकं त्यांनी सांभाळली. पगारवाढीची, पाण्याची, धरणात गेलेल्या जमिनींची. उरलेल्या गठ्ठ्यांतले कागद आई फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं त्या फळीवर शिकले. ‘मागणी’ हा मला लिहिता आलेला पहिला मोठा शब्द.

वाघबारस जवळ आली होती. आमच्या गावच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे आणि त्या दिवशी अख्खं गाव तिथे येतं. मी हिशेबीपणे तोच दिवस धरला. पिंजऱ्याबद्दल लिहिलं, वाघिणीच्या पोटाबद्दल लिहिलं, काळजाबद्दल लिहिलं. मग वाटलं, एवढ्याने माणसं पेटणार नाहीत. म्हणून शेवटी एक ओळ घातली: ‘आमच्या वाघोबाचं रक्त आम्ही बाटवू देणार नाही!’

छापखान्यातले दादा ती ओळ वाचून म्हणाले, “ही जाड टाइपात घेऊ.” मी घ्या म्हटलं. मला ती आवडली होती.

ओळ पेटली. दगडापुढे माझे काका उभे राहिले आणि त्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गावात कुणाचं लग्न कुठे व्हावं आणि कुठे होऊ नये, हे सांगणारा माणूस. जाड ओळ त्यांनी दोनदा वाचली. पुढच्या रविवारी गावातली चाळीसेक माणसं रिसॉर्टच्या फाटकावर गेली. मालक घाबरला. स्टँडसमोरचा फलक उतरला आणि पुतळ्यावरचे पट्टे पिवळ्या रंगाने पुसून त्याचा सिंह करण्यात आला. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरीनं नाव काढलं. शुद्ध केला बघ त्याला!”

मीसुद्धा हसले. हे लिहिताना त्या हसण्याचीच जास्त चीड येते.

दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीने घरात सांगितलं की तिला लग्न करायचं आहे. ती मुरबाडच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तो तिथेच मशीन चालवतो. धरणापलीकडच्या पाड्यावरचा, आदिवासी. आई रडली, मग तिने तो काय जेवतो ते विचारलं, म्हणजे तिचं निम्मं काम झालं होतं. वडील म्हणाले, “मी आयुष्यभर काय वाटत फिरलो? जात नाय मानायची, हेच ना? मग आता मी नाय कसं म्हणू?” पण गावात राहायचं तर भावाच्या कानावर घालायला हवं, असं त्यांना वाटलं. मी नको म्हटलं होतं.

काका आले, चहा प्यायले. वडिलांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्या झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणजे माणूस तो रोज जवळ ठेवत होता.

“‘आमच्या वाघोबाचं रक्त आम्ही बाटवू देणार नाही,’” त्यांनी वाचलं. “कोणी लिवलंय?”

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

“तूच ना गो?”

“ते जनावराबद्दल होतं, काका.”

“जनावराला कळतं म्हणतेस, आन माणसाला नाय? वाघानं वाघात ऱ्हावं. तुझंच वाक्य हाय. गावानं मान डोलावली त्याला.”

“वाघानं वाघात राहावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही.”

“मग ‘बाटवणं’ म्हंजे काय गो? तू शिकलेली. सांग की.”

तो शब्द मी कुठून आणला होता हे मला त्या क्षणी कळलं. काकांच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलेला शब्द मी जाड टाइपात छापून त्यांना परत दिला होता.

वडिलांनी कागद हातात घेतला. “छापलेलं आहे,” एवढंच म्हणाले. छापलेल्या शब्दापुढे हा माणूस नेहमी गप्प होतो. काका उठले आणि दारातून सांगून गेले की हे लग्न झालं तर आमच्या घरात सुख-दुःखाला कुणी पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पत्रक लिहायला घेतलं. माझ्याकडून घोर चूक झाली, मी लज्जित आहे, वगैरे. बहिणीला वाचून दाखवलं. ती कंपनीचा डबा भरत होती.

“ह्याच्यात मी कुठाय?”

“तुझ्यासाठीच तर लिहिलंय.”

“सगळं तुझंच हाय. तुला वाईट वाटलं, तुला लाज वाटली.” तिने डब्याचं झाकण दाबलं. “त्या वाघिणीला कोणी इचारलं होतं?”

“नाही.”

“त्या सिंहाला?”

“नाही.”

“आमाला कोणी पिंजऱ्यात नाय घातलं. आमी आपणहून एकमेकांना बघितलं. एवढं लिव. आन माझा टाइम खाऊ नको, बस जाईल.”

मी सगळं फाडलं आणि एवढंच लिहिलं. वाघिणीवर झालेला जुलूम पिंजऱ्याचा आहे. रक्त कुणाचंही बाटत नाही, ना जनावराचं, ना माणसाचं. दोन जिवांनी आपल्या मर्जीने एकत्र राहायचं ठरवलं तर त्यांच्यामध्ये गज लावणारा प्रत्येक माणूस रिसॉर्टवाल्याच्या जातीचा. मागच्या पत्रकातली शेवटची ओळ खोटी होती, ती मी मागे घेते.

छापखान्यातल्या दादांनी मजकूर वाचला, चष्मा वर केला. “वर ‘शुद्धिपत्र’ टाकू ना? चुकीची दुरुस्ती असली की तसंच टाकतात.”

“शुद्धी नको,” मी ओरडलेच. “तो शब्द नको.”

“मग काय टाकू, बाई?”

“‘चूक’ टाका. जाड टाइपात.”

गठ्ठा घेऊन मी शहापूरच्या स्टँडवर उभी राहिले. मागच्या वेळी वाघोबाच्या दगडापाशी माणसं हात पुढे करत होती. या वेळी बहुतेकांनी शीर्षक बघून कागद परत दिला. एकाने विचारलं, “लायगरचं काय झालं?” मी म्हटलं, त्याचंच आहे. तो म्हणाला, “मग चित्र कुठाय?” जुनं पत्रक मात्र अजून मोबाइलवरून फिरतंय, फुलं आणि भगवी चौकट लावून. ते मला थांबवता येत नाही.

संध्याकाळी वडिलांनी उरलेल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून घेतलं. उभ्याने वाचलं. मग चप्पल घालून काकांच्या घराकडे चालू लागले. मी मागे गेले. त्यांनी कडी वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला, पण दार उघडलं नाही.

“दादा,” वडील दाराला म्हणाले, “पोरीचं लग्न आहे. मी सही करणार आहे साक्षीदार म्हणून.”

वडील गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने खाली वाकले आणि त्यांनी ते पत्रक दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. अर्धं गेलं, अर्धं बाहेर राहिलं. त्यांनी बोटाने ते पुन्हा ढकललं, पूर्ण आत जाईपर्यंत.