निकालाच्या दिवशी नापासांच्या घरी

हेरवाडे बाई गेल्याची बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत इतर निधनवार्तांबरोबरच आली. मे महिन्यातली दुपार होती. धाकट्या बहिणीने, शांताक्कांनी, स्वतः आणून दिलेल्या कागदावर चार ओळी होत्या. नाव, वय, निवृत्त मुख्याध्यापिका, अंत्ययात्रेची वेळ. आणखी काही लिहायचं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अक्का असती तर एवढंपण लिहू दिलं नसतं. छापा तेवढंच." तेवढंच छापलं. उरलेलं आता लिहितो आहे, दहावीचा निकाल लागून गेल्यावर.

बाई सीमेलगतच्या गावातल्या. घरात कन्नड, शाळा मराठी. पहिली दोन वर्षं गुरुजींनी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं, कारण विचारलेलं त्यांना समजत नव्हतं. "मी मठ्ठ नव्हतो, मला नुसतं मराठी येत नव्हतं. पण हे कुणाला सांगायचं तर मराठीतच सांगायला पायजे होतं की," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आमच्याकडच्या बायकांच्या 'मी जातो, मी येतो' बोलीत. तक्रारीचा सूर नव्हता. शाळेतला कुठलाही प्रसंग त्या अशाच सपाट आवाजात सांगत.

नव्वदच्या दशकात त्या शाहूपुरीजवळच्या एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. शिक्षणाच्या बातम्या माझ्याकडे होत्या, तेव्हापासूनची ओळख. त्या काळात बऱ्याच शाळांत एक रीत होती, अजूनही आहे. नववीत कच्च्या निघालेल्या मुलांच्या आईबापांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं, म्हणजे मूल दहावीला शाळेबाहेरून, खासगीरीत्या बसणार. पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तर शाळेचा निकाल शाबूत. फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक लागतो, पुढच्या प्रवेशांना गर्दी होते. अशी मुलं बहुतेक शेवटच्या, ड तुकडीतली असत. हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची.

बाईंनी आल्यावर ही रीत बंद केली. नववीपर्यंत आमच्या शाळेत बसलेलं मूल दहावीलाही आमच्याच शाळेतून बसेल, एवढंच त्यांनी शिक्षकांच्या सभेत सांगितलं. ड तुकडीचं गणित स्वतःकडे घेतलं.

त्या वर्षी ड तुकडीत सुरेखा नावाची मुलगी होती. तिचे वडील बाजारात गुळाच्या ढेपा उचलायचे. आधीच्या मुख्याध्यापकांनी सांगून ठेवल्याप्रमाणे ते सतरा नंबरचा फॉर्म भरायला आले. बाईंनी फॉर्म परत केला.

"बाई, पोरगी नापासच हुणार की. उगं शाळंचं नाव कशाला घालवताय?"

"शाळंच्या नावाचं मी बघतो. तुम्ही पोरगीला तेवढं पाठवा."

सुरेखा नापास झाली. तिच्याबरोबर आणखीही काही. निकाल घसरला आणि फाटकावरचा फलक त्या वर्षी लागलाच नाही. निकालाच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष शाळेच्या कचेरीत आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. "बाई, ही शाळा हाय का अनाथाश्रम?" त्यांनी विचारलं. "शाळाच हाय, म्हणून तर," बाई म्हणाल्या, आणि खुंटीवरची खाकी पिशवी घेऊन निघाल्या. पिशवीत ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचे कोरे फॉर्म होते. पास झालेल्यांना पेढे द्यायला सगळं गाव होतं. त्या दिवशी बाई दरवर्षी नापासांच्या घरी जात. चहा घेत, फॉर्म तिथेच भरून घेत, वडिलांची सही किंवा अंगठा घेत. उद्यावर ठेवलं की घरात दुसरं काहीतरी ठरतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

सुरेखा ऑक्टोबरमध्येही गणितात गेली. पुढच्या मार्चला सुटली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. हे विजयाचं उदाहरण म्हणून बाईंनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "दहावी होऊन झालं लग्न. आदीच हुणार होतं..."

निवृत्तीनंतर वर्षभरात जुनी रीत परत आली. फलकही आला. बाईंना त्याचं काय वाटलं, हे मी राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी विचारलं होतं. त्या पायाला तेल चोळत होत्या. "दमलो बघा," म्हणाल्या. पण खाकी पिशवी घरच्या खुंटीवर होती. निकालाच्या दिवशी त्या अजूनही बाहेर पडत, आता सतरा नंबरवाल्यांकडे. त्यांना पुन्हा बसायचं तर मुख्याध्यापकांची सही लागते, आणि ज्यांनी मूल बाहेर काढलं त्यांच्याच दाराशी सहीसाठी उभं राहावं लागतं. आईबाप तिथे उभे राहत नाहीत, लाजतात. बाई उभ्या राहत. आपल्याच जुन्या कचेरीबाहेर, शिपायाने आणून दिलेल्या स्टुलावर न बसता.

यंदा निकालाच्या दुपारी शांताक्कांना भेटायला गेलो. शाळेवरून जाताना फलक दिसला, शंभर टक्के. घराच्या पायरीवर एक बाई एका रडवेल्या मुलीला घेऊन बसली होती. ती सुरेखा. मुलगी तिच्या नणंदेची, सतरा नंबरने बसून नापास झालेली.

"अक्का न्हाय गं आता," शांताक्का म्हणत होत्या. "फॉर्म हायत पिशवीत, गेल्या दिवाळीत आणून ठेवलेले. चालतात का बघ. पण सही कोण आणणार?"

"मी जातो की," सुरेखा म्हणाली.

"देतील?"

"देतील न देतील. उभं तरी ऱ्हातो."

सुरेखाने चप्पल काढून आत येऊन खुंटीवरची पिशवी घेतली. विचारलं नाही. मुलीला हाताला धरून ती घराच्या फाटकापर्यंत गेली, तेव्हा शांताक्का मागून मोठ्याने म्हणाल्या, "संध्याकाळी आणून लाव गं परत. खुंटी मोकळी बघवत न्हाय."