दुकानात शहाणा, घरी वेडा

शांता पानसे टेलिफोनच्या खात्यात लागल्या, तेव्हा इंदूरहून मुंबईला बोलायचं तर आधी नंबर नोंदवून ठेवावा लागे आणि मग वाट बघत बसावं लागे. शांताबाई कानाला हेडफोन लावून समोरच्या फळीवरच्या भोकांत वायरी खोचायच्या आणि कुठल्या कुठल्या गावच्या माणसांना एकमेकांशी जोडून द्यायच्या. पुढे वायरी गेल्या, फळी गेली, शांताबाई चौकशीच्या खिडकीवर आल्या. लग्न राहून गेलं ते गेलंच. आईवडिलांचं करता करता वय निघून गेलं आणि त्यांनी त्याचा फारसा गवगवाही केला नाही. तुकोगंजात एका दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं घर, एक कोठीची खोली, आणि हैदराबादला नोकरी करणारा भाचा पियुष, एवढा त्यांचा संसार.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचे दिवस खायला उठले. भाजीवाल्याशी त्या गरजेपेक्षा जास्त बोलू लागल्या. दुधीचा भाव विचारता विचारता त्याच्या मेहुण्याच्या नोकरीपर्यंत पोचायच्या. ते बघून एका जुन्या मैत्रिणीने त्यांना पलासियात नेलं. तिथे अंध मुलींचं एक वसतिगृह होतं आणि कॉलेजची पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवी होती. शांताबाईंनी त्या दिवशी इतिहासाचा एक धडा वाचला. वाचून झाल्यावर कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही बरोबर जागी श्वास घेता."

आयुष्यभर लोकांनी त्यांना 'जल्दी लगाइए' एवढंच सांगितलं होतं. श्वासाचं कौतुक पहिल्यांदाच झालं. त्या दिवसापासून त्या वाचायला लागल्या त्या लागल्याच.

पुढे घरूनच रेकॉर्डिंग करून पाठवायचं ठरलं. पियुषने आपला जुना लॅपटॉप दिला, एक माइक दिला, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून माइक नि लॅपटॉप यांच्या मधे लावायची एक छोटी लोखंडी डबी दिली. कोठीच्या खोलीत चारी बाजूंना रजया टांगून शांताबाईंनी आपला स्टुडिओ थाटला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीतून गेली की त्या दार लावून आत बसत. उन्हाळ्यात घामाने भिजत, पण पंखा लावत नसत, कारण पंख्याचा आवाज पुस्तकात शिरतो.

या वर्षी त्यांच्या हाती पूर्वाचं पुस्तक होतं. पूर्वा म्हणजे तीच ती श्वासवाली मुलगी. ती आता वकिलीचं शिकत होती. साक्षीपुराव्याचा कायदा नवा आला होता आणि त्यावरच्या नोट्स तिला फक्त छापील मिळाल्या होत्या. फोनमधल्या यंत्राकडून वाचून घ्यायचा प्रयत्न तिने केला होता. "मावशी, ते यंत्र कलम आणि त्याच्या खालची टीप एकाच दमात वाचून जातं," ती म्हणाली होती, "कोण चोर आणि कोण साक्षीदार, काही समजत नाही." परीक्षा जवळ आली होती आणि शेवटची काही प्रकरणं वाचायची राहिली होती.

नेमका तेव्हाच लॅपटॉप कुथायला लागला. एक वाक्य बोललं की अर्धं टिपून घ्यायचा आणि अर्धं गिळायचा. पियुष फोनवर म्हणाला, "आत्या, त्याच्यात कचरा झालाय फार. सगळं पुसून नवीन सिस्टिम टाकून घेऊ. तू फक्त मी सांगतो ते दाबत जा."

शांताबाईंनी जुनी रेकॉर्डिंगं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली आणि फोन रजईला टेकवून उभा केला. पियुष सांगत गेला, त्या दाबत गेल्या. सगळं इतकं सुरळीत झालं की शेवटी लॅपटॉपने त्यांचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी हौसेने पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. पियुष म्हणाला, "झालं. आता तो स्वतःचं थोडं फार डाउनलोड करेल आणि एकदा रीस्टार्ट होईल. होऊ दे."

तो रीस्टार्ट झाला. पडद्यावर चिन्ह आलं, टिंबांचं चक्र फिरलं, निळं चित्र उमटलं, आणि क्षणात सगळं काळं. पुन्हा चिन्ह, पुन्हा चक्र, पुन्हा निळं चित्र, पुन्हा काळं.

"पियुष, हा तर घडीघडी उठून बसून राहिला रे," शांताबाई म्हणाल्या.

पियुषने त्यांच्याकडून बटण दाबून धरून लॅपटॉप जबरदस्तीने बंद करवला. तसं चारदोनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा आला. दुरुस्ती म्हणाली, मला जमत नाही. मग त्याने एक साधा प्रकार सुरू करायला सांगितला, त्यात लॅपटॉप फक्त अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठतो. त्यात तो छान चालला. शांताबाईंनी चहा टाकला. चहा घेऊन येऊन पुन्हा नेहमीसारखा सुरू केला, तर परत तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइकची डबी, डिस्क, माउस सगळं काढलं, नुसता लॅपटॉप आणि चार्जर पिशवीत घातला आणि रिक्षाने जेल रोड गाठला. तिथे सार्थक नावाच्या एका हसतमुख माणसाचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि सुरू केला. चिन्ह आलं, चक्र फिरलं, निळं चित्र आलं आणि राहिलं. सार्थकने त्यातलं घड्याळ उघडून बघितलं, दोनतीन व्हिडिओ लावून बघितले, बंद करून पुन्हा सुरू केला.

"आंटीजी, ये तो मक्खन चल रहा है," तो म्हणाला.

"घरी नाही चालत, भिया."

"घर पे क्या होता है?"

शांताबाईंनी सांगितलं. सार्थकने मान डोलावली, मेमरीची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली, चार्जर तपासला आणि निरोप देताना म्हणाला, "अब नहीं होगा." पैसे घ्यायला तो तयार होईना, कारण त्याच्या मते त्याने काही केलंच नव्हतं.

घरी येऊन शांताबाईंनी लॅपटॉप कोठीत नेऊन ठेवला, सगळ्या वायरी जागच्या जागी लावल्या आणि बटण दाबलं. निळं चित्र आलं आणि गेलं.

डॉक्टरच्या समोर ताप उतरावा आणि घराच्या पायरीवर पुन्हा चढावा, तशातली गत. शांताबाईंना हसूही येईना आणि रडूही. वरच्या मजल्यावरच्या जनाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, कोणाची तरी नजर लागली, मिरच्या ओवाळा. शांताबाईंनी "बघते" म्हणून त्यांना वाटेला लावलं, पण मनात म्हटलं, वेळ आली तर तेही करू.

संध्याकाळी पियुषचा फोन आला. "दुकानात चालला आणि घरी नाही? चार्जर तोच होता?"

"तोच."

"मग घरी जास्तीचं काही लावलंयस का त्याला?"

"नाही रे. रोजचंच आहे सगळं."

पियुषने सुस्कारा सोडला. घरातल्या विजेचा दाब कमीजास्त होत असेल, कोणाला तरी बोलाव, असं म्हणून त्याने फोन ठेवला. शांताबाईंनी वीजवाल्याला निरोप पाठवला. त्या रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. लॅपटॉपचं एवढं काही नाही, पण पोरीला शब्द दिलेला आहे, हे त्यांना डाचत होतं.

सकाळी त्या पुन्हा कोठीत जाऊन बसल्या. लॅपटॉप सुरू केला, तेवढ्यात पूर्वाचा फोन आला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून रजईला टेकवून ठेवला.

"मावशी, पुढचं प्रकरण कधी देता? मी कबुलीजबाबाशी येऊन अटकली आहे," पूर्वा म्हणाली. मग एकदम थांबून म्हणाली, "अच्छा, तुम्ही रेकॉर्डिंग सुरू करून राहिल्या का? मी नंतर करते."

"कशाचं रेकॉर्डिंग, बाई. हा मेला आत्ता पुन्हा बंद झाला."

"मग ती टिक कशाची वाजली?"

"कुठली टिक?"

"तुमच्या प्रत्येक धड्याच्या आधी वाजते न. आधी टिक, मग तुम्ही खाकरता, मग प्रकरणाचं नाव. आत्ता टिक ऐकू आली तर मला वाटलं, आता तुम्ही खाकरणार."

शांताबाईंनी आपलं एकही रेकॉर्डिंग कधी पहिल्यापासून ऐकलं नव्हतं. स्वतःचा आवाज कोण ऐकत बसतं? आणि या खोलीत रोज बसून ती टिक त्यांच्या कानांना घड्याळाच्या टिकटिकीसारखी ऐकू येईनाशी झाली होती. त्यांनी फोन जवळ ओढला आणि म्हणाल्या, "थांब. तो पुन्हा उठून राहिला. दोघी ऐकू."

चिन्ह आलं. चक्र फिरलं. निळं चित्र आलं. टिक. काळं.

"टिक आधी," पूर्वा फोनमधून हळूच म्हणाली, "मग बंद."

शांताबाई गुडघ्यांवर बसल्या आणि एकेका वस्तूला कान लावत गेल्या. डिस्क नुसती घुमत होती. माउस मुका होता. पुढच्या फेरीला टिक वाजली ती त्यांच्या कानाखालीच, माइकच्या लोखंडी डबीत. त्यांनी डबीची वायर लॅपटॉपमधून उपटून काढली आणि मागे सरकून बसल्या.

चिन्ह आलं, चक्र फिरलं, निळं चित्र आलं. गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू केली, ती लांब निघूनही गेली.

"आहे का?" पूर्वाने विचारलं.

"आहे," शांताबाई म्हणाल्या. "माझं नाव दाखवून राहिला. वडिलांच्या नावासकट."

मग त्यांना राहवेना. त्यांनी वायर पुन्हा खोचली. टिक, आणि लॅपटॉप गार. पूर्वा तिकडे खो खो हसायला लागली आणि इकडे शांताबाई रजयांत तोंड खुपसून हसल्या.

पियुषने ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "आत्या, मी विचारलं होतं की नाही, काही लावलंय का म्हणून?"

"तू जास्तीचं विचारलंस. डबी जास्तीची कुठे आहे? ती तर कायमची आहे."

पियुषने मग समजावून सांगितलं. डबीचं बोलणं लॅपटॉपला कळावं म्हणून मधे एक छोटा प्रोग्राम लागतो, दुभाष्यासारखा. जुना दुभाषा सगळं पुसताना गेला आणि नव्या सिस्टिमने आपल्या मनाने दुसराच आणून बसवला. त्याचं नि डबीचं जमेना. डबी जागी झाली रे झाली की भांडण, आणि लॅपटॉप चक्कर येऊन पडायचा. योग्य प्रोग्राम जुना होता, शोधावा लागणार होता, आणि पियुषला रविवारपर्यंत सवड नव्हती.

तोवर थांबायला परीक्षा तयार नव्हती. शांताबाईंनी नोट्स पिशवीत घातल्या आणि पलासियाची रिक्षा केली. वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत त्या वाचायला बसल्या. पूर्वासाठी म्हणून सुरू केलं, पण सुरभी आली, निधी आली, त्यांच्या मागोमाग आणखी मुली आल्या. कोठीत रजया मधे बोलत नसत. इथे मुली दर परिच्छेदाला थांबवत होत्या, वाद घालत होत्या. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब धरायचा की नाही यावर सुरभी आणि पूर्वा इतक्या भांडल्या की स्वयंपाकीण बाई पोळ्या लाटायच्या सोडून ऐकत उभी राहिली.

मग पूर्वाने शांताबाईंचीच उलटतपासणी घेतली. "साक्षीदार, आपण आपल्या भाच्याला 'रोजचंच आहे' असं सांगितलं होतं, हे खरं आहे काय?"

"खरं आहे," शांताबाई म्हणाल्या.

"म्हणजे आपण महत्त्वाचा पुरावा लपवला."

"लपवला नाही. त्याच्याकडे बघितलं नाही एवढंच."

"हेच तर आरोपी पण म्हणतात, मावशी," निधी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

रविवारी पियुषने दोन तास खपून तो जुना प्रोग्राम शोधला आणि लांबून बसवून दिला. डबीत टिक वाजली आणि लॅपटॉप शांतपणे चालू राहिला. शांताबाईंनी उरलेली प्रकरणं रेकॉर्ड केली, पण आठवड्यातून एकदा पलासियाला जाऊन बसायचं त्यांनी सोडलं नाही. कोठीत काम जास्त व्हायचं, पण तिथे कोणी भांडत नव्हतं. पूर्वा परीक्षा पास झाली. पुराव्याच्या पेपरात तिला सगळ्यात चांगले गुण मिळाले, आणि करारांच्या पेपरात ती जेमतेम तरली. त्याचं पुस्तक तिने यंत्राकडून वाचून घेतलं होतं.

काही दिवसांनी सार्थकचा फोन आला. "आंटीजी, वो आपके लैपटॉप का आखिर निकला क्या? मेरे दिमाग से जा ही नहीं रहा." शांताबाईंनी सविस्तर सांगितलं. तो इतका खूश झाला की संध्याकाळी त्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला, राजवाड्याजवळच्या एका कापड व्यापाऱ्याला, शांताबाईंचा नंबर दिला. त्यांचाही लॅपटॉप असाच उठून बसत होता. शांताबाईंनी त्यांना फोनवरून सगळ्या वायरी काढायला लावल्या, कान लावायला लावला. काही उपयोग झाला नाही. त्यांची मेमरीची पट्टीच गेली होती, ती सार्थकनेच बदलून दिली.

पण बोलता बोलता शांताबाईंना कळलं की या गृहस्थांची आई पूर्वी इंदुरातून उज्जैनला आपल्या बहिणीशी बोलायला ट्रंक कॉल नोंदवायची, आणि तिला अजून एका ऑपरेटर बाईंची आठवण आहे. पलीकडून उत्तर येत नसलं की त्या बाई दहादा 'अजून थोडं थांबा, लागेल' म्हणायच्या.

"आहेत का घरी?" शांताबाईंनी विचारलं. "फोन द्या बरं त्यांच्याकडे."